बैठकीतला उभा दिवा



आमच्या व्याख्यानाचा विषय पत्रिकेत वाचून काही श्रोत्यांनी नाक मुरडले असेल. ज्या व्यासपीठावरून वेदान्त, अर्थकारण आणि इतिहास यांची चर्चा व्हावयाची, तेथे दिवाणखान्यातील शोभेच्या दिव्याने काय म्हणून येऊन उभे राहावे? शंका रास्त आहे. परंतु जुन्या पेठांतील घरे उतरवली जातात, त्यांच्या जागी सदनिका उभ्या राहतात, आणि घर बदलण्याच्या त्या धांदलीत एक गोष्ट पुष्कळदा घडते. जुन्या घरातील पितळेची समई मोडीत जाते, आणि नव्या घरात सोफ्याच्या कोपऱ्याला कापडी टोपी घातलेला पाच फुटी विजेचा दिवा येतो. जाणारी वस्तू वजनावर विकली जाते, येणारी वस्तू चित्र पाहून घेतली जाते. दोन्ही व्यवहारांत तिच्याकडे दिवा म्हणून कोणी पाहातच नाही. आमची तक्रार एवढीच आहे.

विजेच्या दिव्याशी आमचे भांडण नाही, हे आधीच सांगून टाकतो. समईच्या उजेडात वाचून डोळे बिघडवून घ्या, असा उपदेश करण्यासाठी आम्ही येथे आलेलो नाही. आमचे म्हणणे असे की, जमिनीवर उभा राहून बैठकीला उजेड देणारा दिवा ही आपल्याला परकी वस्तू नाही. तिचा विचार आपल्या ओतारी कारागिरांनी आणि घरातील बायांनी पिढ्यान् पिढ्या केलेला आहे. तो विचार ज्याने नीट पाहिला, तो नवा दिवा घेतानाही सहसा फसणार नाही.

आपण ज्या मस्तगडात जमलो आहोत, ती गढी काबिलखानाने असफजाहाच्या आज्ञेवरून १७२५ मध्ये बांधली. तिच्यातील मोठी विहीर आणि त्या विहिरीतील दालने सर्वांना ठाऊक आहेत. त्या काळच्या अंधाराची कल्पना आज करणे अवघड आहे. सूर्य मावळला की घराचे जेवढे भाग दिव्याच्या आवाक्यात, तेवढेच घर उरत असे. म्हणून एकेका कामाला एकेक दिवा होता. कोनाड्यात पणती, देवापुढे निरांजन, माजघरात साखळीला लामणदिवा, वाटेत मशाल, आणि जेथे माणसे बसत तेथे समई. ‘ठाणवई’ असाही एक जुना शब्द आहे, दिवा ठेवण्याच्या घडवंचीसाठी. समई हा शब्द मात्र अरबी-फारसी ‘शमा’ या शब्दाशी जोडतात, आणि शमा म्हणजे मेणबत्ती. म्हणजे देवघरातील ज्या वस्तूला आपण सर्वांत सोवळी मानतो, तिचे नाव दरबारी बैठकीतून आलेले दिसते. निजामी राजवटीत वाढलेल्या आपल्या मराठवाड्याला याचे नवल वाटू नये.

आता समईच्या उंचीचा विचार करा. घरगुती समई साधारणपणे हात-दीड हात उंच असते. का? कारण माणसे जमिनीवर बसत. मांडी घालून बसलेल्या माणसाचा डोळा जमिनीपासून सुमारे अडीच फुटांवर असतो. समईची ज्योत त्याच्या खाली राहते. त्यामुळे ती डोळ्यांवर येत नाही, आणि पानावर, पोथीवर, समोरच्या माणसाच्या चेहऱ्यावर उजेड पडतो. खुर्चीत बसणाऱ्या माणसाचा डोळा साडेतीन ते चार फुटांवर जातो, म्हणून खुर्च्यांच्या देशांत तयार झालेला उभा दिवा पाच फुटांचा झाला. त्याची टोपी अशा बेताने बसवितात की, तिची खालची कड बसलेल्या माणसाच्या डोळ्याच्या पातळीला यावी व आतला बल्ब दिसू नये. दोन्ही दिव्यांचे गणित एकच आहे. पण आपल्याकडे काय होते? खोलीत गादी आणि लोड, माणसे जमिनीवर, आणि कोपऱ्यात पाच फुटी दिवा! खाली बसलेल्या प्रत्येकाला टोपीच्या आतला बल्ब थेट डोळ्यांत दिसतो. मग कोणीतरी उठून तो बंद करतो व छतावरचा दिवा लावतो. महिन्याभराने त्या दिव्यावर टोप्या आणि मफलर टांगलेले दिसतात.

म्हणून दिवा घेण्यास निघण्यापूर्वी आपल्या घरी माणसे कशावर बसतात ते पाहावे, आणि टेप घेऊन जमिनीपासून डोळ्यापर्यंतचे अंतर मोजावे. दुकानात दिवा उभ्याने पाहू नये. तेथे एखादे स्टूल मागून घ्यावे आणि बसून पाहावा. दुकानदार हसला तर हसू द्यावा.

दुसरी गोष्ट बैठकीची. समईचे बूड पसरट आणि जड असते, दांडी निमुळती, आणि वर तेलाची वाटी. वाटीत तेल भरले की वरचे वजन वाढते, तरी समई डगमगत नाही, कारण तिचा गुरुत्वमध्य खाली राखलेला असतो. आमचा ढोबळ हिशेब असा की, बुडाची रुंदी उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा कमी असेल तर ती समई लहान मुलांच्या घरी घेऊ नये. समई सपाट फरशीवर ठेवून वरच्या मोरावर किंवा हंसावर एक बोट टेकवून हळूच ढकलावी. चांगली समई जराशी कलते व आपल्या जागी परत येते. फरशीवर ठेवताच ती खडखडली तर बूड सपाट नाही असे समजावे. मग आटे पाहावेत. समई तीन-चार भागांची असते व ते भाग एकमेकांत फिरवून बसवितात. प्रत्येक सांधा उघडून पुन्हा लावून पाहावा. जो सांधा दुकानात अडकतो, तो घरी तेल आणि काजळी बसल्यावर उघडणारच नाही. वाटीला पाच वातींच्या चोची असतात, त्या खोल आहेत का, तेल बाहेर ओघळले तर ते धरावयास खाली ताटलीसारखी कड आहे का, हेही पाहावे. वरच्या नक्षीकडे सर्वांत शेवटी पाहावे. आपण मात्र नेमका मोर आधी पाहातो.

अलीकडे बाजारात चकचकीत समया मिळतात आणि त्या काळ्या पडत नाहीत अशी हमी दिली जाते. त्यांवर पारदर्शक लेप दिलेला असतो. ती वस्तू केवळ मांडून ठेवावयाची असेल तर ठीक आहे. पण तिच्यात वात लावली की ज्योतीपाशी लेप जळून तपकिरी डाग पडतात, आणि चिंचेने घासली की लेप ठिकठिकाणी सोलून पितळ चट्ट्याचट्ट्यांनी काळे पडते. तेव्हा घेतानाच विचारावे, ही लावावयाची आहे की मांडावयाची?

आता निगा. येथे थोडे रेंगाळावे लागेल, कारण बहुतेक समया निगेच्या कंटाळ्याने घराबाहेर जातात असे आमचे निरीक्षण आहे. ‘कोण घासत बसणार?’ हे वाक्य समई विकताना ज्या स्वरात उच्चारले जाते, तो स्वर खोटा नसतो. घासावयाची असते घरातील बाईने, आणि हौस असते बहुधा दुसऱ्याच कोणाची. दिवा विजेचा असो की तेलाचा, जी व्यक्ती तो पुसणार आहे तिच्या पसंतीवाचून तो घरात आणू नये. हा नियम पाळला असता तर कित्येक घरांतील धुळीने माखलेली झुंबरे मुळात आलीच नसती.

समई घासण्याचा त्रास दोन प्रकारचा असतो, आणि त्यांची गल्लत झाल्यामुळे तो दुप्पट होतो. पहिला त्रास तेलाचा. आपल्या मराठवाड्यात करडी पिकते आणि करडईचे तेल पूर्वीपासून घरात असते. खाण्यास ते उत्तम आहे. पण जुन्या वाणांच्या करडईचे तेल हवेत सुकणाऱ्या तेलांपैकी आहे. हवेतील प्राणवायू शोषून ते घट्ट होते आणि पातळ थरात असेल तर गोंदासारखे चिकटते. या गुणामुळेच ते रोगणात वापरले जाते. जवसाच्या तेलात हा गुण आणखी जास्त. समईच्या दांडीवर जो पिवळट, नखाने न निघणारा थर बसतो तो म्हणजे घरच्या घरी तयार झालेले रोगणच होय. शेंगदाण्याचे तेल असे सुकत नाही आणि तिळाचे त्या मानाने पुष्कळ कमी सुकते. तेव्हा ज्या घरी समई रोज लागते त्यांनी तिळाचे किंवा शेंगदाण्याचे तेल घालावे, आणि रात्री समई शांत झाल्यावर उरलेले तेल वाटीत तसेच न ठेवता काढून घ्यावे. अर्धा त्रास तेथेच वाचतो. तूप निरांजनाला बरे, कारण ते थंडीत थिजते आणि समईच्या लांब वातींना वर चढत नाही.

हा तेलाचा थर चिंचेने निघत नाही. पुष्कळ जणी चिंच लावून जोरजोराने घासतात, थर हटत नाही, मग तारेची घासणी येते आणि नक्षीचा सत्यानाश होतो. आधी समईचे सर्व भाग सुटे करावेत, कोरडे पीठ किंवा कोंडा चोळून ओले तेल टिपून घ्यावे, मग कढत पाण्यात धुण्याचा सोडा घालून भाग थोडा वेळ बुडवून ठेवावेत. थर मऊ झाला की तो जुन्या दातांच्या ब्रशाने निघतो. पाणी कढत असते, तेव्हा हे काम मुलांना दूर ठेवून करावे.

दुसरा त्रास काळेपणाचा. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त यांचा मिश्रधातू, आणि हवा व ओल लागून त्याच्या पृष्ठभागावर पातळ काळसर पापुद्रा येतो. चिंचेतील व लिंबातील आम्ल तो पापुद्रा विरघळविते, मिठाने त्या कामाला जोर येतो. हे काम मिनिटा-दोन मिनिटांचे आहे. चिंच लावून समई रात्रभर ठेवण्याची जी पद्धत काही घरांत आहे ती घातक आहे. आम्ल पुढे पितळातील जस्त आधी काढून नेते आणि पृष्ठभागावर तांबे उघडे पडून समई गुलाबी दिसू लागते. कित्येकांना तो गुलाबी रंग स्वच्छतेची खूण वाटतो! ती झिजेची खूण आहे. पितांबरीसारखी पूड वापरली तरी हाच नियम पाळावा. चोळावे, लगेच धुवावे आणि लगेच कोरडे करावे. शेवटची गोष्ट विशेष महत्त्वाची. ज्यांच्या घरी बोअरचे जड पाणी येते त्यांनी समई निथळत ठेवली तर क्षारांचे पांढरे ठिपके पडतात, आणि मग बायका म्हणतात, घासूनही उजळत नाही. जुन्या मऊ सुती धोतराने पुसावी, घटकाभर उन्हात ठेवावी, आट्यांना एक थेंब तेल लावावे, आणि भाग जोडताना हातात येईल तेवढाच जोर लावावा.

दर आठ दिवसांनी समई लखलखीत झालीच पाहिजे असा धर्म नाही. पुष्कळ जुन्या समयांवरील मोराची पिसे निव्वळ घासण्याने सपाट झालेली असतात. एरवी कोरड्या फडक्याने पुसणे पुरे. वर्षातून एक मोठी स्वच्छता आपल्या पंचांगानेच नेमून दिली आहे. आषाढी अमावास्येला, दिव्याच्या अवसेला, घरातील सगळे दिवे काढून, घासूनपुसून, पाटावर मांडून त्यांची पूजा करावयाची. त्या दिवसाचे आता ‘गटारी’ झाले आहे, त्याबद्दल आम्ही काही बोलत नाही. पण दिव्यांची वार्षिक तपासणी म्हणून तो दिवस अगदी सोयीचा आहे. विजेचे दिवेही त्या दिवशी पुसावेत. पाटावर टेबललॅम्प मांडला तर देव रागावणार नाही.

समई कोठे ठेवावी? छतावरच्या पंख्याखाली ठेवू नये. ज्योत फडफडते, तेल पुरते जळत नाही, काजळी धरते आणि भिंत काळी होते. पडद्यापासून, गौरी-गणपतीच्या मखरातील कागदापासून आणि येण्याजाण्याच्या वाटेपासून ती दूर असावी.  आजच्या नायलॉनच्या साड्यांचा पदर वितळून अंगाला चिकटतो. समईपुढे वाकून वात सारताना पदर खोचून घ्यावा, आणि माणसे झोपण्यापूर्वी समई शांत करावी. अखंड दिव्याचे व्रत असेल तर त्याची जागा दगडी देवळीत आहे, दिवाणखान्यात नाही.

आता एका नव्या खुळाविषयी बोलावयाचे आहे. जुन्या समईच्या दांडीतून छिद्र पाडून वायर ओढतात, वाटीच्या जागी होल्डर बसवितात, वर टोपी चढवितात आणि तिला ‘अँटिक लॅम्प’ म्हणतात. समई बाद होते हे एक. पण त्याहून गंभीर गोष्ट अशी की, पितळ हे विजेचे उत्तम वाहक आहे. छिद्राच्या धारदार कडेवर वायर घासते, तिचे वेष्टण फाटते आणि संपूर्ण दांडीत वीज उतरते. पुष्कळदा ही वायर दोन तारांची असते, म्हणजे उतरलेल्या विजेला जमिनीत जाण्यास वाट नसते. ती वाट पुढे दिव्याला हात लावणाऱ्या माणसाच्या शरीरातून तयार होते. त्यातून फरशी नुकतीच पुसलेली आणि पाय ओले असले म्हणजे पुढचे सांगावयास नको. धातूची दांडी असलेला कोणताही विजेचा उभा दिवा तीन पिनांचाच घ्यावा. तिसरी तार दांडीला खरोखर जोडलेली आहे ना, आणि घरातील त्या खोबणीला अर्थिंग खरोखर आहे ना, हे जाणत्या वायरमनकडून तपासून घ्यावे. जुन्या घरांत खोबणीला तीन भोके असतात आणि तिसऱ्यामागे काहीच नसते. घरात ३० मिलिअँपियरची आरसीसीबी बसविलेली असेल तर फारच उत्तम. गळती झाली की ती क्षणात वीज तोडते. शोभेसाठी ज्यांनी पाच-सात हजार रुपयांचा दिवा घेतला त्यांनी तिच्या खर्चास कुरकुर करू नये. आणि दिव्याची वायर सतरंजीखालून नेऊ नये. पायाखाली चिरडून ती आतल्या आत तुटते आणि तापते, व ते कोणाला दिसत नाही.

विजेच्या दिव्याबद्दल उरलेले थोडक्यात सांगतो. पूर्वीचा तारेचा बल्ब घेतलेल्या विजेपैकी फारच थोडी उजेडात बदलीत असे, बाकी सगळी उष्णता होई, म्हणून कापडी टोप्या करपत. आता नऊ वॅटचा एलईडी बल्ब जुन्या साठ वॅटच्या बल्बाइतका उजेड देतो आणि टोपी करपण्याची भीती जवळजवळ राहिलेली नाही. मात्र रंग पाहून घ्यावा. खोक्यावर केल्विनचा आकडा असतो. २७०० ते ३००० म्हणजे समईच्या उजेडाच्या अंगाने जाणारा पिवळसर प्रकाश, ६५०० म्हणजे दुकानातला निळसर पांढरा. बैठकीला पहिला घ्यावा. पावसाळ्यात त्यावर किडेही तुलनेने कमी येतात. टोपीचे कापड काढून धुता येईल असे असावे, कारण आपल्याकडे चैत्र-वैशाखात धूळ किती उडते हे या सभेत कोणाला सांगावयास नको. गोंदाने चिकटविलेली टोपी धुतली की सुटते, ती कोरड्या मऊ ब्रशानेच झाडावी. बुरुडाने विणलेली वेताची किंवा बांबूची टोपी भिंतीवर सुंदर जाळी पाडते आणि झाडावयास सोपी असते, पण त्या उजेडात वाचता येत नाही. वाचण्यासाठी दिवा हवा असेल तर तो खुर्चीच्या मागे, उजव्या हाताने लिहिणाऱ्याच्या डाव्या बाजूस ठेवावा. बूड जड पाहावे. एवढ्यासाठीच आम्ही आधी समईवर इतका वेळ घालविला.

शेवटी मोडीचा प्रश्न. आपले गाव भंगाराची किंमत ओळखते. येथल्या भट्ट्यांत मोडके लोखंड वितळून त्याची सळई होते, आणि त्यात वाईट काही नाही. लोखंडाच्या तुकड्यात वजनाखेरीज दुसरे मोल उरलेलेच नसते. समईचे तसे नाही. पुण्याचे दिनकर केळकर यांनी १९२० च्या सुमारास जुन्या वस्तू जमविण्यास प्रारंभ केला. त्यांनी व कमलाबाईंनी गावोगाव हिंडून जो संग्रह उभा केला त्यात दिव्यांचा भाग मोठा आहे. भारतातील दिव्यांवर त्यांचे इंग्रजी पुस्तक १९६१ मध्ये निघाले, आणि संग्रह त्यांनी १९७५ मध्ये महाराष्ट्र शासनास देऊन टाकला. बाजीराव रस्त्यावरील त्या संग्रहालयात आपल्यापैकी कोणी गेले तर काचेमागे जे दिसेल त्यातील बरेचसे एके काळी कोणाच्या तरी घरात रोज तेल-वात होणारे सामान होते. काचेमागे गेले म्हणून ते वाचले, हे खरेच. पण घरात राहून वाचले असते तर अधिक बरे झाले असते, असे आम्हास वाटते.

ज्यांना समई ठेवणे खरोखर अशक्य आहे त्यांनी ती निदान वजनावर देऊ नये. प्रथम नात्यात विचारावे. लेकीला, सुनेच्या माहेरी, नव्या घरात राहावयास गेलेल्या पुतण्याला. मोडीच्या दुकानात गेलेच तर तेथून उलट काही आणताही येते. भंगारात समईचे सुटे भाग पडलेले असतात, आणि आटे जुळले तर आपल्या हरवलेल्या शिखराच्या जागी दुसरे बसते. असे जोडकाम करून देणारा ओतारी जुन्या पेठेत अजून सापडू शकतो, चौकशी मात्र करावी लागते.

ज्या भगिनींना आपल्या घरची समई आम्हास दाखवावयाची असेल त्यांनी ती उद्या सायंकाळी येथे घेऊन यावी. आट्यांत काय अडकले आहे ते आपण बरोबरच पाहू. मात्र घासून आणू नये, आहे तशी आणावी.